बिरादरी आणि बंधुता

इंग्रजीतील 'फ्रॅटर्निटी' हा शब्द माझ्या वाट्याला तीन अर्थांनी आला.

पहिला अर्थ नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला. राज्यघटनेच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य आणि समता यांच्या पाठोपाठ 'बंधुता' येते. घटना समितीच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो नंतर घातला. दुसरा अर्थ मसुरीच्या प्रशासन अकादमीत कळला. तिथे 'आपली फ्रॅटर्निटी' म्हणजे आपली बॅच, आपले केडर, अडचणीत एकमेकांना फोन करण्याचा हक्क. उत्तर भारतात तिला सरळ 'बिरादरी' म्हणतात. तिसरा अर्थ अमेरिकेत शिकायला गेलेल्या भाच्याने सांगितला. तिथल्या महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारे विद्यार्थ्यांचे संघ असतात, त्यांनाही फ्रॅटर्निटी म्हणतात. बाहेरच्यांच्या मनात त्यांचे चित्र म्हणजे दारू, दंगा आणि नवख्यांचा छळ. संघातले लोक मात्र आयुष्यभराच्या मैत्रीची आणि समाजकार्याची उदाहरणे देतात. या वादात एक प्रश्न सहसा मागे पडतो: आत कोणाला घेतात? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यांतील अनेक संघांच्या नियमांत कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना लेखी मज्जाव होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली 'अल्फा फाय अल्फा' हा स्वतःचा संघ काढावा लागला तो उगीच नव्हे.

सरकारी शाळा चांगली की खाजगी, या आपल्याकडच्या वादाचेही असेच झाले आहे, असे मला वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आणि पुढे तालुक्याच्या अनुदानित हायस्कुलात शिकलो. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची उत्तरे भारतीय भाषांतून लिहिता येऊ लागली, म्हणूनच मी मराठीत पेपर लिहून या सेवेत येऊ शकलो. मसुरीत पहिल्याच आठवड्यात चार जणांनी विचारले, "तुमचे स्कूल कोणते?" गावाचे नाव सांगितल्यावर संभाषण तिथेच संपे. मीही कमी नव्हतो. डेहराडूनच्या एका नामांकित निवासी शाळेतून आलेला एक बॅचमेट मला पहिल्या दिवसापासून गर्विष्ठ वाटला; खेड्यात याचा निभाव लागणार नाही, अशी माझी खात्री होती. हिमालयातील पदभ्रमणात एका रात्री त्याने मला विचारले, "एकच शिक्षक एकाच खोलीत दोन इयत्तांना कसे शिकवतो?" मी त्याच वर्गांत वाढलो होतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आठव्या वर्षापासून घराबाहेर राहिलेल्या त्या मुलाने स्वतःचे कपडे माझ्याआधी कित्येक वर्षे धुतले होते, हेही त्याच रात्री समजले.

आता त्या समजुतींकडे वळू.

पहिली समजूत अशी की, खाजगी म्हणजे पैसेवाल्यांची. महाराष्ट्राच्या इतिहासात याला आधार नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती सरकारी नव्हती. १८८० चे न्यू इंग्लिश स्कूलही नव्हते, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापलेली रयत शिक्षण संस्थाही नव्हे. आजही महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार संस्थांनी चालवलेल्या अनुदानित शाळाच वाहतात. गंमत म्हणजे, ज्यांना आपण 'पब्लिक स्कूल' म्हणतो त्या पूर्णपणे खाजगी असतात. हे नाव आपण इंग्लंडकडून घेतले.

दुसरी समजूत अशी की, खाजगी शाळेत शिकवतात आणि सरकारी शाळेत वेळ घालवतात. २००८ पासून चार वर्षे आंध्र प्रदेशातील पाच जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग झाला. सरकारी शाळांतील मुलांना सोडत काढून खाजगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती देण्यात आली. अखेरीस तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. खाजगी शाळांत जादा शिकवल्या जाणाऱ्या हिंदीत मात्र शिष्यवृत्तीची मुले पुढे होती. म्हणजे सरकारी शाळेची बदनामी खोटी ठरली. पण खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी खर्चाच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. आम्हा प्रशासकांना अवघड वाटावी अशी ही दुसरी बाजू आहे, आणि ती दडवण्यात अर्थ नाही.

म्हणजे कोणती शाळा चांगली याचे उत्तर पाटीवरून मिळत नाही. मात्र कोण कोणाशेजारी बसते, हे पाटीवरून बरेचसे ठरते. मला खरी चिंता याची आहे.

दिल्लीत सवलतीने सरकारी जमीन मिळालेल्या खाजगी शाळांना २००७ पासून २० टक्के जागा गरीब मुलांना देणे भाग पडले. पालकांनी गुणवत्ता घसरेल अशी ओरड केली. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी या शाळांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, स्वयंसेवेला अधिक पुढे आली, आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचे प्रमाण घटले. इंग्रजीत थोडी घट दिसली, पण एकूण गुणांवर लक्षणीय परिणाम झाला नाही. उद्देशिकेतील बंधुता ती हीच. ती भाषणांतून येत नाही, एका बाकावर बसून येते.

आता माझी स्वतःची गोष्ट. महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात असताना मी एका सरकारी शाळेची तपासणी केली. छत, हजेरीपट, शौचालय, धान्याची कोठी सगळे पाहिले. निघताना मुख्याध्यापकांनी अत्यंत अदबीने विचारले, "साहेब, आपली मुलगी कोणत्या शाळेत आहे?" ती शहरातील मिशनऱ्यांच्या शाळेत होती. बदल्या, भाषा, अभ्यासक्रम ही कारणे माझ्याजवळ तयार होती आणि ती खोटीही नव्हती. परराज्यात नोकरी करणाऱ्या वाचकांना ती ठाऊक आहेत. पण गाडीत बसल्यावर लक्षात आले की, तासाभरात मी एकाही मुलाला वाचायला सांगितले नव्हते. माझ्या मुलीच्या शाळेत मी पहिल्या भेटीत तेच विचारले असते.

ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशात आदेश दिला की, सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत. तो प्रत्यक्षात उतरला नाही. सक्तीने मुलांना हलवणे मलाही पटत नाही. आईबापांच्या धोरणाची किंमत मुलाने का मोजावी? परंतु एक कायदा आपल्या हातात आहे. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. मला सर्वाधिक खटकते ते असे की, ही सूट मंत्रालयातील कोणा अधिकाऱ्याच्या टिप्पणीतूनच पुढे गेली असणार. जवळच सरकारी शाळा आहे, मग गरिबाला खाजगी शाळा कशाला, हा युक्तिवाद कागदावर काटकसरीचा दिसतो. दोन प्रकारच्या मुलांनी कधी भेटू नये, असा त्याचा प्रत्यक्ष अर्थ होतो.

तेव्हा सेवेतील तरुण मित्रांना दोनच गोष्टी सुचवतो. आपल्या जिल्ह्यातील २५ टक्क्यांच्या जागा खरोखर भरतात का आणि शाळांना प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर जाते का, हे दरवर्षी स्वतः पाहा. रक्कम थकली की शाळांना त्या मुलांचा राग येतो. आणि सरकारी शाळेत गेलात की छताआधी एका मुलाला जवळ बोलावून एक परिच्छेद वाचायला सांगा.

त्या मुख्याध्यापकांना मी दिलेले उत्तर खरे होते, पण ते मी मान खाली घालून दिले होते.