आळशी नाही, अडतो आहे

"तोंडी विचारा, घडाघडा सांगेल. पण लिहायला बसला की हात चालत नाही!" तिसरी-चौथीतल्या मुलाच्या आईची ही नेहमीची तक्रार. प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा असतो, 'लक्ष देत नाही.' बाबांचे मत, आळशी आहे. मग खेळ बंद, टीव्ही बंद आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा. दहाव्या वेळीही तो चुकतोच, कारण मुळात तो आळस नसतो.

बुद्धी चांगली, डोळे-कान ठीक, शाळाही नियमित, तरी वाचन, लेखन किंवा गणित सतत अडते, याला अध्ययन अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया हा त्यातलाच एक प्रकार. २००७ साली 'तारे जमीं पर' आला आणि हा शब्द घरोघरी पोचला. 'ब' आणि 'व', 'भ' आणि 'म' यांत गल्लत होते, जोडाक्षर फुटते, वेलांटी राहून जाते. 'तेवीस' ऐकून ३२ लिहिले जाते. (आपल्या मराठीत तीन आधी उच्चारायचे आणि लिहायचे मात्र नंतर, हेही खरेच!) पहिलीत अशा चुका सगळीच मुले करतात. तिसरीतही त्या हटत नसतील तर आधी डोळे व कान तपासावेत आणि मग मानसतज्ज्ञांना दाखवावे. इंदूर-बडोद्याकडच्या मराठी घरांत मुलाची घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असते. तिथे अडचण नव्या भाषेपुरतीच आहे की सगळीकडे, हेही पाहावे लागते.

महाराष्ट्रात अशा मुलांना १९९६पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६च्या कायद्याने देशभर अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वात केला, तर २०१८च्या केंद्रीय सूचनांत आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. प्रमाणपत्र असले की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही मिळतो. पण 'मुलावर शिक्का बसेल' या भीतीने अनेक घरांत गोष्ट झाकली जाते आणि नववीत एकदम धावाधाव सुरू होते. तोवर मुलाने स्वतःला 'ढ' ठरवून टाकलेले असते. जादा वेळ मिळेलही, पण वाचताच येत नसेल तर त्या वेळात त्याने करायचे काय? विशेष शिक्षकाची मदत हवी ती तिसरी-चौथीतच, आठवड्यातून दोन-तीनदा, नेमाने.

घरी धडा आईने किंवा आजीने मोठ्याने वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवायला लावावे. धाकट्या बहिणीच्या वहीशी तुलना तर कटाक्षाने टाळावी.

आणि बाईंना भेटायला जाताना प्रगतिपुस्तकाबरोबर रोजच्या वह्या न्याव्यात, खाडाखोडीसकट. कोणते अक्षर कुठे अडते, ते त्यांतच दिसते.