जहाजमालकांची जत्रा आणि खलाशाची गैरहजेरी

ग्रीसची राजधानी अथेन्स येथे दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या जून महिन्यात, जहाज व्यवसायाचे एक प्रचंड आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते. त्याचे नाव ‘पोसिडोनिया’. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव, त्याच्यावरून हे नाव ठेवले आहे. २०२४ साली तेथे दोन हजारांहून अधिक कंपन्यांनी आपापली दालने मांडली होती. जहाज बांधणारे, इंजिन बनविणारे, विमा उतरविणारे, कर्ज देणारे, सगळे एका छपराखाली जमतात. दिवसा करार होतात आणि रात्री मेजवान्या झडतात. आपल्या वाचकांना या जत्रेशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते बरेच आहे.

या प्रदर्शनाचा जन्म १९६९ साली अथेन्सच्या झापिओन सभागृहात झाला. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. २१ एप्रिल १९६७ रोजी लष्करातील कर्नलांनी ग्रीसची सत्ता बळकावली होती. लोकशाहीवादी तुरुंगात होते, कामगार संघटनांची मुस्कटदाबी चालू होती. अशा काळात जहाजमालकांचे प्रदर्शन मात्र थाटात सुरू झाले. भांडवलाला लोकशाहीची गरज लागत नाही, हे यातून कळावे!

हे भांडवल आले कोठून? दुसऱ्या महायुद्धात ग्रीसची बहुतेक जहाजे बुडाली. युद्ध संपल्यावर १९४७ साली ग्रीक सरकारने स्वतः हमी दिली आणि अमेरिकेची शंभर ‘लिबर्टी’ जहाजे ग्रीक मालकांच्या पदरात पडली. हमी जनतेची आणि जहाजे मालकांची, असा हा व्यवहार. पुढे ओनासिस, नियार्कोस यांची नावे जगभर गाजली. आज जगाच्या व्यापारी जहाजांच्या क्षमतेपैकी सुमारे एक पंचमांश भाग ग्रीक मालकांच्या ताब्यात आहे. धंदा वाढला तशी जत्राही वाढली. झापिओन अपुरे पडले, प्रदर्शन पिरियस बंदरात गेले, आणि २०१२ पासून ते अथेन्सच्या विमानतळालगतच्या मेट्रोपोलिटन एक्स्पो या विस्तीर्ण संकुलात भरते.

कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कर्नलांची राजवट १९७४ साली कोसळली. १९७५ साली ग्रीसने लोकशाही राज्यघटना स्वीकारली. पण त्या घटनेच्या १०७ व्या कलमाने परकीय भांडवलाला संरक्षण देणारे जुने कायदे जसेच्या तसे अबाधित ठेवले, आणि त्यांच्या छत्राखाली जहाजेही आली. जहाजावरचा कर नफ्यावर नव्हे, तर जहाजाच्या आकारमानावर आणि वयावर बसतो. २०१० नंतर ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन सरकारने कायदा करून कापले. जहाजमालकांकडून जादा रक्कम हवी होती तेव्हा मात्र २०१३ साली त्यांच्याशी करार करावा लागला. गरिबाला हुकूम आणि श्रीमंताला विनंती, ही रीत आपल्याला नवी नाही.

आता खरा प्रश्न. या जत्रेत जहाज चालविणारा माणूस कोठे असतो? २०२० साली कोरोनामुळे पोसिडोनिया रद्द झाले. व्यापाराचे केवढे नुकसान, अशी हळहळ व्यक्त झाली. त्याच वर्षी करार संपूनही सुमारे चार लाख खलाशी जहाजांवर अडकून पडले होते. बंदरे त्यांना उतरू देत नव्हती. जत्रा २०२२ साली पुन्हा भरली. खलाशाचे गेलेले महिने कोणी भरून दिले?

जहाजाचा मालक एका देशाचा, निशाण पनामाचे किंवा लायबेरियाचे, आणि खलाशी तिसऱ्याच देशाचा. पगार बुडाला तर दाद कोणाकडे मागायची? आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ साली तीन हजारांहून अधिक खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडले, आणि त्यांत सर्वाधिक भारतीय होते. शेत गहाण टाकून एजंटाला पैसे देणाऱ्या बापाचा मुलगा त्यांत असतो.

जहाज म्हातारे झाले की ते गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडायला येते. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला स्थलांतरित मजूर ते तोडतो. जहाज तोडणी सुरक्षित व्हावी म्हणून हाँगकाँग करार २००९ साली झाला, पण तो अमलात यायला २६ जून २०२५ उजाडला. सोळा वर्षे! खलाशांच्या हक्कांचा २००६ चा सागरी श्रम करारही २०१३ साली अमलात आला आणि भारताने २०१५ साली तो मान्य केला. मालकांच्या हिताचे करार पाच दिवसांच्या जत्रेत होतात, श्रमिकाच्या कराराला मात्र दशक लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत गोरेगावला असाच सागरी सप्ताह झाला. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली आहे आणि तेथील मच्छीमार अनेक वर्षे त्याला विरोध करीत आहेत. जहाजे यावीत, बंदरे व्हावीत, रोजगार मिळावा, याला आमचा विरोध नाही. आमचा आग्रह इतकाच की अशा प्रत्येक जत्रेच्या व्यासपीठावर खलाशाची, तोडणी कामगाराची आणि मच्छीमाराची खुर्ची असली पाहिजे. ती कोणी आपणहून देणार नाही. संघटित होऊन, कायदा हाती धरून ती मिळवावी लागेल. ज्याच्या घामावर जहाज तरंगते, त्याला विचारल्याशिवाय समुद्राचा सौदा होता कामा नये.