लेझर प्रिंटर घेताय? ‘वायफाय आहे का’ एवढेच विचारू नका

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे करसल्लागारांच्या कार्यालयात प्राप्तिकर विवरणपत्रांची लगीनघाई. कोल्हापुरात माझ्या मामांचे असेच तीन टेबलांचे कार्यालय आहे. ऐन त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ‘‘अगं, तू इंजिनीअर ना? हा प्रिंटर ‘ऑफलाइन’ म्हणतोय. समोर तर हिरवा दिवा लागलाय!’’ प्रिंटर जेमतेम सहा महिन्यांचा होता. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘वायफाय’ लिहिलेले, आणि तेवढेच पाहून तो घेतलेला.

हिरवा दिवा, तरी ‘ऑफलाइन’?

प्रिंटरमध्ये काहीच बिघाड नव्हता. राउटर घरातल्या किंवा कार्यालयातल्या प्रत्येक उपकरणाला एक अंतर्गत पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, तात्पुरता देत असतो. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पत्त्यांचे वाटप नव्याने होऊ शकते. प्रिंटरला वेगळा पत्ता मिळतो, संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. उत्तर येत नाही म्हणून तो ‘ऑफलाइन’ असे जाहीर करतो. यावर उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये असतो. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाखाली प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. मामांचे काम व्हिडीओ कॉलवर दहा मिनिटांत झाले. पण त्याआधी दोन दिवस कार्यालयातला मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन खालच्या झेरॉक्सच्या दुकानात खेपा घालत होता आणि अशिलांचे पॅन, उत्पन्नाचे आकडे दुकानदाराच्या संगणकावर उतरत होते.

म्हणून प्रिंटर निवडताना माझे पहिले मत असे, की कार्यालयासाठी लॅन पोर्ट असलेलाच घ्यावा. अनेक स्वस्त मॉडेलमध्ये तो नसतो. त्यासाठी थोडे जास्त पैसे पडतात. वायफायचा मार्ग आधीच नाजूक असतो. बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ओळखतात, तर नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ एकाच नावाखाली चालवतात. जोडणी करतानाच गोंधळ होतो. प्रिंटर काही जागा सोडून फिरत नाही. त्याला राउटरशेजारी ठेवून केबल लावली, की संगणक आणि मोबाइल आपापल्या वायफायवरून त्याच्यापर्यंत पोहोचतात.

यूएसबीवर काय अडत होते?

कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे प्रिंटर पाहिले नाहीत असे कार्यालय महाराष्ट्रात शोधावे लागेल. दणकट यंत्रे. पण दोन्ही यूएसबीवाली. ते शेअर करता येतात, मात्र ज्या संगणकाला जोडलेत तो सुरू असावा लागतो. साहेबांचा संगणक बंद, की सगळ्यांची छपाई बंद. खरे तर प्रिंटर सर्वांनी वाटून घ्यायची कल्पना जुनीच आहे. अ‍ॅपलचा लेझररायटर १९८५ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. एकाने विकत घ्यावे असे ते यंत्रच नव्हते. अनेक संगणकांना मिळून वापरता यावे म्हणून त्यात नेटवर्कची सोय दिली होती.

आजचा प्रश्न मोबाइलचा आहे. निम्मे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ते थेट छापायचे तर प्रिंटरला एअरप्रिंट आणि मोप्रिया या दोन्हींची साथ हवी. पहिले आयफोनसाठी, २०१० पासून. दुसरे प्रामुख्याने अँड्रॉइडसाठी. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून २०१३ मध्ये ही संघटना उभी केली. हे असेल तर ड्रायव्हरची सीडी शोधण्याची वेळ सहसा येत नाही. संगणक बदलला, विंडोज बदलली, तरी प्रिंटर भंगारात जात नाही, हा त्याचा मोठा फायदा.

किमतीचे गणित कसे मांडायचे?

इथे मात्र कागद-पेन घ्या. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या दुकानदाराकडचे दर त्यात घाला.

समजा, पहिला प्रिंटर ११ हजारांचा. त्याचा टोनर ४,५०० रुपयांना आणि १,५०० पानांचा. म्हणजे पानामागे ३ रुपये. दुसरा प्रिंटर १८ हजारांचा. टोनर ४,८०० रुपयांना, पण ३,००० पानांचा, म्हणजे पानामागे १ रुपया ६० पैसे. दुसरा घेऊन मोकळे व्हावे असे वाटेल, पण थांबा. काही प्रिंटरमध्ये टोनर आणि ड्रम एकाच काडतुसात असतात, काहींत वेगळे. दुसऱ्याचा ड्रम वेगळा, ७,२०० रुपयांचा आणि १२ हजार पानांचा असेल, तर पानामागे आणखी ६० पैसे धरावे लागतील. एकूण २ रुपये २० पैसे. बचत ८० पैशांची.

महिन्याला ६०० पाने छापणाऱ्या कार्यालयाची त्यात ४८० रुपये बचत होते आणि वरचे सात हजार साधारण पंधरा महिन्यांत वसूल होतात. तेच घरी महिन्याला ५० पाने निघत असतील, तर वसुलीला साडेचौदा वर्षे लागतील! अशा घराने स्वस्त प्रिंटर घ्यावा. आणि महिन्याला दहाच पाने निघत असतील तर कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान काय वाईट आहे? फक्त आधार किंवा बँकेचे कागद छापून झाल्यावर त्यांची फाइल तिथल्या संगणकावरून समोर पुसून घ्यावी.

टोनरवर लिहिलेली पानसंख्याही समजून घ्यावी. ती ठरावीक चाचणी पानावर मोजतात आणि त्यात शाई साधारण पाच टक्के भागावरच असते. गच्च भरलेला करारनामा किंवा काळपट स्कॅन छापला की आकडा झपाट्याने खाली येतो. शिवाय नव्या प्रिंटरसोबत बहुधा अर्धवट भरलेला ‘स्टार्टर’ टोनर मिळतो.

रिफिल किंवा ‘कंपॅटिबल’ टोनरवर भिस्त असेल तर आणखी सावध राहा. अनेक काडतुसांवर चिप असते आणि प्रिंटरचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर कालपर्यंत चाललेला टोनर आज नाकारला जाऊ शकतो. एचपीच्या काही इंकजेट प्रिंटरबाबत सप्टेंबर २०१६ मध्ये असे घडले आणि कंपनीला माघारीचा पर्याय द्यावा लागला. अशा निर्बंधांची पुरेशी कल्पना ग्राहकांना दिली नाही म्हणून इटलीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. नेटवर्कवरचा प्रिंटर अपडेट आपणहून उतरवू शकतो. तेव्हा खरेदीआधीच विचारा, बाहेरचा टोनर चालतो का, आणि अपडेट बंद ठेवता येते का?

बाकी काय पाहावे?

दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई हवीच. वकिलांना तर पर्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० पासून ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छपाईची पद्धत लागू केली आहे. मिनिटाला २० पाने की ३०, याला लहान कार्यालयात फार महत्त्व देऊ नये.

प्रिंटर संगणकाच्या यूपीएसला जोडू नका. लेझर प्रिंटरमधला फ्युझर कागदावरची भुकटी सुमारे २०० अंशांवर वितळवून चिकटवतो आणि तापताना एकदम मोठा भार घेतो. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलतो. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा. राउटरला मात्र छोटा यूपीएस जरूर द्यावा.

शेवटची गोष्ट पासवर्डची. प्रिंटरचे स्वतःचे सेटिंगचे पान असते. त्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि प्रिंटर इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने असेच उघडे असलेले सुमारे ५० हजार प्रिंटर गाठून त्यांवर आपल्या आवडत्या यूट्यूबरच्या प्रचाराची पाने छापल्याचा दावा केला होता.

मामांच्या त्या प्रिंटरला लॅन पोर्ट नाही, म्हणून राखीव पत्त्यावरच काम चालले आहे आणि गेले काही महिने फोन आलेला नाही. जुना यूएसबीवाला अजून कोपऱ्यात आहे. टोनर अर्धा शिल्लक असल्याने तो काढायला ते तयार नाहीत.