‘आधी आपण चौकशी करू’

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा असू नये, असं म्हणणारी मंडळी काही वाईट नाहीत. त्यांत डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, तळमळीने शाळा चालवणारेही आहेत. शिक्षेच्या धाकाने माणूस उलट तोंड मिटतो, नुसत्या संशयावरून एखादा निरपराध शिक्षक आयुष्यातून उठतो, असं त्यांचं म्हणणं.

पॉक्सो कायदा वाचला तर यातलं बरंचसं गळून पडतं. २०१२ च्या या कायद्याचं कलम १९ कळवणाऱ्याकडे पुरावा मागतच नाही. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, की पोलिसांना सांगायचं. खरं-खोटं करणं हे त्यांचं काम. सद्भावनेने कळवणाऱ्यावर खटला भरता येत नाही, हेही तिथेच लिहिलंय. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

हा धाक नसेल तिथे काय होतं? मुलगी वर्गशिक्षिकेला काहीतरी सांगते. बाई मुख्याध्यापिकेकडे जातात. ‘आधी आपण चौकशी करू,’ असं ठरतं. संस्थाचालकांना फोन होतो. ज्याच्यावर संशय त्यालाच बोलावून विचारतात, म्हणजे तो सावध होतो. आईला समजुतीच्या सुरात सांगतात, ‘उद्या तुमच्याच मुलीचं नाव खराब होईल.’ तोवर कपडे धुतले गेलेले असतात, वैद्यकीय तपासणीत सापडण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आणि ही चौकशी करणार कोण? ज्यांच्या शाळेची अब्रू जाणार आहे, तेच!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण आठवा. माहिती असून कळवलं नाही, असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं.

डॉक्टरांची एक अडचण मात्र खरी आहे. परस्परसंमतीच्या संबंधातून दिवस गेलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी पोलिसांच्या भीतीने भोंदूकडे जाते आणि जीव धोक्यात घालते. पण त्यासाठी कलम मोडीत काढायची गरज नाही. सप्टेंबर २०२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा मुलीने गर्भपात मागितला आणि तिची व तिच्या पालकांची तशी विनंती असेल, तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. फट तेवढीच, आणि ती तेवढीच राहावी.

मला तर वाटतं, या शिक्षेचा मोठा आधार आहे तो त्या वर्गशिक्षिकेला. नोकरी संस्थाचालकांच्या मर्जीवर, पगार तुटपुंजा. तिच्याकडून शौर्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. ‘साहेब, मला कळवावंच लागतं, नाहीतर मी आत जाईन,’ एवढं तिला म्हणता आलं पाहिजे. ते बळ तिला कलम २१ देतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या शाळेत चार वर्षांच्या चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण झालं. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला, पण लोक रेल्वे रुळांवर उतरल्यानंतर. आणि पालकांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. कलम २१ मधली शिक्षा आलेली माहिती न नोंदवणाऱ्यालाही आहे. ती पोलिसांनाही लावा.