पंगतीतले हाड आणि दारातला मोत्या



लगीनसराई लागली की आपल्या जिल्ह्यात गावोगाव लिंबाखाली तीन दगडांच्या चुली पेटतात. १४ एप्रिलची जयंती झाली की वैशाख पौर्णिमेपर्यंत, आणि त्यानंतरही पहिला पाऊस पडेपर्यंत, हळदी आणि जेवणावळी चालूच असतात. नवसाची कंदुरी आपल्यापैकी पुष्कळांनी सोडली. हळदीचा बोकड मात्र सुटलेला नाही. तो वाद आज नको. (जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, बोकड अजून उस्मानाबादीच आहे.) आज आम्हाला बोलायचे आहे ते पंगतीच्या कडेला जीभ काढून बसलेल्या घरच्या कुत्र्याबद्दल.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे पुतणीची हळद होती. पाहुण्यांत लहान लेकरे, म्हणून सकाळी नऊलाच मोत्याला मांडवामागे साखळीने बांधले. तेव्हा तिथे सावली होती. बारा वाजता सावली सरकली, मागचा पत्रा तापला, पाण्याचे घमेले साखळीत अडकून लवंडले. कोणाच्याच ध्यानात आले नाही. घरात चाळीस माणसे, आणि मोत्या सगळ्यांचा. सगळ्यांचा म्हणजे त्या दिवशी कोणाचाच नव्हता. थोरल्या वहिनी चुलीतली राख टाकायला मागे गेल्या, तेव्हा तो धापा टाकत पडलेला दिसला. त्यांनी पाणी पाजले, अंगावर तांब्याने पाणी ओतले, लिंबाखाली आणून बांधले. तो सावरला.

संध्याकाळी पंगत बसली. पोरांनी ताटातली हाडे त्याच्याकडे टाकायला सुरुवात केली. "खाऊ द्या की, त्याचीबी हळदच हाय," असे म्हणून आम्हीही हसलो. थोड्या वेळाने मोत्या पंजाने तोंड ओरबाडू लागला. लाळ गळत होती, तोंड मिटेना. नऊ वर्षांच्या पुतण्याने मायेने त्याच्या तोंडात हात घातला. दात अंगठ्यात घुसला आणि रक्त आले.

म्हाताऱ्या आत्या तिखटाचा डबा घेऊन धावल्या. "मिरची भरा त्यात, इख उतरंल." आत्यांचा जीव तुटत होता, पण त्यांचा डबा आम्ही बाजूला ठेवला आणि पोराला बोरिंगवर नेले. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुतली. घड्याळ लावून धुतली, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. मिरची, चुना, हळद, तेल यांतले काहीही चाव्यावर लावू नये. त्याने विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते. रात्रीच सरकारी दवाखाना गाठला. मोत्याला पिसाळीची लस दिलेली नव्हती. हा दोष सर्वस्वी आमचा. रक्त आलेला चावा असल्याने डॉक्टरांनी लसीबरोबर जखमेत सीरमही दिले. पहिल्या लसीचा दिवस शून्य धरायचा आणि मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुन्हा जायचे, असे कागदावर लिहून दिले. जखम भरली म्हणून पुढची लस चुकवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. पिसाळीची लक्षणे एकदा दिसली की औषध जवळजवळ उरत नाही, म्हणून एकही तारीख चुकवायची नसते.

मोत्याच्या वरच्या दाढांमध्ये हाडाचा तुकडा आडवा रुतला होता. सकाळी गुरांच्या डॉक्टरांनी तो चिमट्याने काढला. तोंडात अडकला हे नशीब, असे ते म्हणाले. शिजलेले हाड ठिसूळ होते, चावले की त्याच्या टोकदार चिपा होतात, आणि त्या घशात किंवा आतड्यात गेल्या तर जनावर दगावू शकते. कोंबडीचे हाड तर फारच वाईट. रश्श्यात भिजवलेली भाकरीही नको, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. तोवर पंगत कोणाला आठवते? पाहुणे येण्याआधीच त्याला त्याची नेहमीची भाकरी आणि दूध पोटभर द्यावे. भरल्या पोटी तो ताटाकडे फार धावत नाही. मटण द्यायचेच असेल तर तिखट-मीठ, कांदा घालण्याआधी दोन शिजलेले तुकडे काढून ठेवावेत, बिनहाडाचे.

माता-भगिनींनो, आणखी एक गोष्ट, जी आमच्या घरीही कोणाला ठाऊक नव्हती. बोकड कापला की नको असलेले कच्चे काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकायची आपली रीत आहे. त्यात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टीसारखे जंत वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात आणि लेकरांच्या हातावरून पोटात जातात. मग तशीच गाठ माणसाच्या काळजात किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षे वाढत राहते. पुष्कळदा ऑपरेशनच करावे लागते. तेव्हा तो टाकाऊ माल खोल खड्ड्यात पुरावा, वर दगड ठेवावेत. कुत्र्याला जंताचे औषध डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्यावे.

उन्हाचे म्हणाल तर कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. निरोगी कुत्र्याचे अंग ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ४१ च्या पुढे गेले की जीव धोक्यात. बांधताना सकाळची नव्हे, दुपारची सावली पाहावी. पाणी जड दगडी डोणीत ठेवावे. तो लटपटू लागला, हिरड्या लालभडक झाल्या, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि थेट दवाखाना गाठावा. वरातीचे फटाके आणि डीजे सुरू होण्याआधी त्याला घराच्या आतल्या खोलीत घ्यावे. बिथरलेला कुत्रा साखळी तोडून थेट हमरस्त्यावर धावतो.

पोराच्या लसी वेळेवर पूर्ण झाल्या. मोत्यावर दहा दिवस डोळा ठेवला, तो ठणठणीत राहिला. त्यालाही नंतर लस टोचून आणली. येत्या रविवारी धाकट्या पुतण्याची हळद आहे. मोत्याची जबाबदारी या वेळी एकाच माणसावर सोपवली आहे, त्याच पोरावर, आणि त्याने आतापासूनच प्रत्येक पाहुण्याला बजावायला सुरुवात केली आहे : "हाड टाकायचं न्हाई बरं का, काका."