कांदा, ताग आणि शेजारधर्म

शेजारी राष्ट्रांनीं एकमेकांशीं सख्यानें वागावें, आपल्या बाजारांचीं दारें परस्परांस मोकळीं ठेवावीं आणि समान धोरण आंखून सर्वांचा उत्कर्ष साधावा, हें सांगण्यास कोणाही मुत्सद्द्यास विशेष कष्ट पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. दक्षिण आशियांतील सात राष्ट्रांचा सहकार्य-संघ, ज्यास सर्वत्र 'सार्क' म्हणतात तो, ८ डिसेंबर १९८५ रोजीं ढाक्यास स्थापन झाला. जानेवारी २००४ मध्यें इस्लामाबादेस मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या व १ जानेवारी २००६ पासून तो अमलांत आला. त्यानंतर बारा वर्षांनीं, २०१८ सालीं, जागतिक बँकेनें हिशेब मांडला, तों असें दिसून आलें कीं, या राष्ट्रांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या शेंकडा ५ च्या आसपासच घुटमळत आहे. आग्नेय आशियांत हेंच प्रमाण शेंकडा २५ च्या घरांत होतें; युरोपाचें तर नांवच नको. संघाच्या राष्ट्रप्रमुखांची परिषद नोव्हेंबर २०१४ मध्यें काठमांडूस भरली; २०१६ सालीं इस्लामाबादेस भरावयाची ती भरलीच नाहीं. करार आहे, कचेरी आहे, ठराव आहेत. व्यापार तेवढा नाहीं.

हा विषय निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य एका शब्दांत निकाल देतो : पाकिस्तान. त्या उत्तरांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. भारतानें १९९६ सालीं पाकिस्तानास दिलेली व्यापारी सवलत पुलवामाच्या हत्याकांडानंतर फेब्रुवारी २०१९ मध्यें काढून घेतली व पाकिस्तानी मालावर शेंकडा २०० जकात बसविली. त्याच वर्षीं ऑगस्टांत पाकिस्ताननें व्यापारच थांबविला. जेथें बंदुकीचा प्रश्न आहे तेथें जकातीचें गणित चालत नाहीं, हें आम्हांसही कळतें. परंतु हें एक उत्तर इतकें सोयीचें होऊन बसलें आहे कीं, त्याच्या आड आपले स्वतःचे दोष सुखानें निजले आहेत. म्हणून पाकिस्तानास या लेखापुरतें बहुतेक बाजूस ठेवून आम्ही बांगलादेशाकडे वळतों. २०११ सालीं भारतानें या देशाच्या मालावरील जकात, दारू-तंबाखूसारखे २५ जिन्नस वगळतां, अजीबात उठविली होती. ही उदारता खरी होती आणि तिचें श्रेय आम्ही देतों. पण जकात उठविणें म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या घरांत येऊं देणें. आपला माल त्याच्या घरीं नेमानें जाऊं देणें ही शेजारधर्माची दुसरी बाजू, आणि ती आपण कशी पाळली?

२९ सप्टेंबर २०१९ रोजीं भारत सरकारनें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली. बांगलादेश त्या काळीं आपल्या कांद्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक होता. चारपांच दिवसांतच तेथील तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या, आणि व्यापाऱ्यांच्या सभेंत त्यांनीं हंसत हंसत सांगितलें कीं, आपण आचाऱ्यास कांद्यावांचून स्वयंपाक करण्यास सांगून ठेवलें आहे. आधीं कळविलें असतें तर दुसरीकडून सोय पाहतां आली असती. सभा हंसली. आम्हांस मात्र तो विनोद वाटला नाहीं. पाहुण्यानें यजमानास इतक्या सौजन्यानें चपराक दिल्याचें उदाहरण विरळाच. नोव्हेंबरांत ढाक्यास कांद्याचा किलोचा भाव २०० टाकांच्या वर गेला आणि कांदा विमानानें आणण्याची पाळी आली. १५ मार्च २०२० रोजीं बंदी उठली. १४ सप्टेंबर २०२० रोजीं पुन्हां बसली. या खेपेस सूचना तर नव्हतीच, पण सरहद्दीवरील पेट्रापोल, महदीपूर अशा नाक्यांवर भरलेल्या मालमोटारी रांगेनें उभ्या असतांनाच दार लागलें. कांहीं दिवसांनीं अडकलेल्या मालापैकीं काहीं सोडण्याची परवानगी मिळाली, तोंपर्यंत त्यांतील बराचसा सडला होता.

आतां इकडे लासलगांवीं काय होतें तें पाहूं. आमचा नाशिककडील शेतकरी उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत काढून चाळींत भरतो. पुढील पांचसहा महिने त्याचें वजन घटतें, त्यास कोंब फुटतात, खालचा थर सडतो. तरी पावसाळ्याअखेर भाव चढेल या आशेवर तो चाळ फोडीत नाहीं. नेमका भाव चढतो आणि नेमका दिल्लीचा हुकूम येतो! १९ ऑगस्ट २०२३ रोजीं कांद्यावर शेंकडा ४० निर्यात-कर बसला. ऑक्टोबरअखेर टनास ८०० डॉलरांखालीं परदेशीं विकूं नये असें फर्मान निघालें. ८ डिसेंबरास संपूर्ण बंदी. डिसेंबरांत बाजारांत येतो तो लाल पोळ कांदा. हा चाळींत टिकत नाहीं, काढला कीं विकावाच लागतो. म्हणजे ज्याला थांबण्याची सोय नाहीं त्याच मालाची वाट अडविली. लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर बसले. ३१ मार्चपर्यंत म्हणून घातलेली बंदी मुदत संपण्यापूर्वींच लांबविली गेली. ती ४ मे २०२४ रोजीं उठली, आणि कराचा शेवटचा अंश जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला.

या बंदीच्या काळांत एक चमत्कारिक प्रकार घडला, आणि आमच्या मतें सर्व प्रकरणाचें मर्म त्यांत आहे. मार्च २०२४ मध्यें 'मित्रराष्ट्रांसाठीं' म्हणून बांगलादेशास ५०,००० टन कांदा सरकारनें ठरविलेल्या एका सहकारी संस्थेमार्फत देण्याचें जाहीर झालें. जी वस्तु कालपर्यंत ढाक्याचा व्यापारी रोख पैसे मोजून नाशिकच्या व्यापाऱ्याकडून घेत होता, तीच आतां एका सरकारनें दुसऱ्या सरकारास दिलेली भेट झाली. हक्क गेला आणि त्याच्या जागीं अनुग्रह आला. अनुग्रहावर कोणी कारखाना उभारीत नाहीं, पीक लावीत नाहीं, कीं दहा वर्षांचा करार करीत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस येथवर येतांना कपाळास आंठी पडली असेल. "आधीं घरच्यांस, मग दारच्यांस" हें वचन आम्हांस ठाऊक आहे. अन्नाच्या तीव्र टंचाईंत तात्पुरती निर्यात रोखण्याची मुभा जागतिक व्यापाराच्या नियमांतही आहे. दुष्काळांत तांदूळ बाहेर जाऊं देऊं नये, हें कोण नाकारील? परंतु प्रतिष्ठित घरांतून कांद्याच्या भावाचा जो आक्रोश दर दोन वर्षांनीं उठतो तो दुष्काळाचा नव्हे. महिन्यास पांच किलो कांदा लागला आणि किलोमागें ३० रुपये वाढले, तर दीडशें रुपयांचा भार होतो. हल्लीं तेवढ्यांत सिनेमाचें एक तिकीटही धड येत नाहीं. एवढ्यासाठीं एका शेजाऱ्याची खात्री आणि एका जिल्ह्याचा हंगाम मोडावा काय? भाकरीबरोबर कांदा हेंच ज्याचें कालवण त्या मजुराची गोष्ट निराळी, आणि त्याच्या नांवानें हा आक्रोश होतो हेंही आम्ही जाणतों. पण त्याला स्वस्त कांदा द्यावयाचा तर सरकारनें तो बाजारभावानें विकत घ्यावा आणि नुकसान खजिन्यांतून सोसावें. सरकार कांद्याचा सांठा राखतेंच, तो वाढवावा. आज हें दान शेतकऱ्याच्या आणि परक्या गृहिणीच्या खिशांतून होत आहे, आणि पुण्य आपण घेत आहों.

दार असें लावलें म्हणजे पलीकडील मनुष्य काय करतो, हें या उपखंडानें पूर्वीं एकदां पाहिलें आहे. कांदा ज्या गोणपाटांत भरला जाई त्या गोणपाटाचीच ही हकीकत आहे. १९४७ सालीं फाळणी झाली तेव्हां तागाच्या गिरण्या बहुतेक साऱ्या कलकत्त्याच्या परिसरांत हुगळीकाठीं, आणि उत्तम ताग पिकविणारे जिल्हे बहुतांशीं पूर्व बंगालांत. गिरणीस शेत हवें व शेतास गिरणी हवी, याहून उघड असा समाईक स्वार्थ शोधूनही सांपडला नसता. तरीही १ मार्च १९४८ पासून दोन्ही देश जकातीपुरते परस्परांस परके झाले. सप्टेंबर १९४९ मध्यें ब्रिटनमागोमाग भारतानें रुपयाचें मूल्य उतरविलें. पाकिस्ताननें उतरविलें नाहीं. त्यांच्या शंभर रुपयांस आपले १४४ मोजावे लागणार, हें भारतानें मान्य केलें नाहीं आणि व्यापार ठप्प झाला. आपल्या गिरण्यांनीं विकत घेतलेला ताग पूर्व बंगालांत वाटेंतच अडकला. उलट भारतानें दगडी कोळसा रोखला. पेट्रापोलच्या मालमोटारींचा हा पूर्वावतार! फेब्रुवारी १९५१ मध्यें भारतानें तो दर अखेर मान्य केला, परंतु तोंवर दोहींकडे निश्चय झाला होता. आपण बंगाल, आसाम व बिहारांत भातशेतीची जमीन तागाखालीं आणली, आणि त्यांनीं नारायणगंजास आदमजीची प्रचंड गिरणी उभी केली. १९५१ च्या डिसेंबरांत तिचें काम सुरूं झालें. जें एकाजवळ होतें तें दुसऱ्यानें दुप्पट खर्चानें पुन्हां निर्माण केलें. ती गिरणी २००२ सालीं बंद पडली, आणि हुगळीकांठच्या गिरण्यांची कळा कोणीही जाऊन पाहावी.

कांद्याचें तसेंच चाललें आहे. २०१९ नंतर बांगलादेशानें स्वतःची लागवड नेटानें वाढविली. बिनहंगामी पिकासाठीं जें बियाणें तेथील शेतकऱ्यांस वाटलें गेलें, त्यांतील एका वाणाचें नांव नाशिक-५३ असें आहे! २०२३ च्या मार्चांत, त्यांचें पीक बाजारांत येतांच, त्यांनीं आपल्या कांद्याचे आयात-परवाने थांबविले ते जूनपर्यंत. आपण टंचाईंत दार लावतों, ते सुकाळांत लावतात. दोघेही आपापल्या परीनें शहाणे. ऑगस्ट २०२४ मध्यें ढाक्याचें सरकार बदललें आणि ही विद्या कांद्यापुरती राहिली नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें त्यांनीं जमिनीच्या मार्गानें येणारें आपलें सूत अडविलें. मे महिन्यांत आपण हुकूम काढला कीं, त्यांचे तयार कपडे जमिनीवरील नाक्यांतून न येतां फक्त कलकत्ता व न्हावाशेवा या बंदरांतून यावे. आगरतळ्याच्या दुकानांत जाणारा सदरा ढाक्याहून कांहीं तासांच्या वाटेवर असतां समुद्रमार्गें फिरवून आणण्यास कोणत्या अर्थशास्त्राचा आधार आहे, तें आम्हांस कळलेलें नाहीं.

याउलट १८ एप्रिल १९५१ रोजीं, म्हणजे आपला तागाचा तंटा मिटून दोन महिने झाले न झाले तोंच, युरोपांतील सहा राष्ट्रांनीं पॅरिस येथें कोळसा व पोलाद यांसंबंधीं करार केला. या सहांपैकीं फ्रान्स व जर्मनी सत्तर वर्षांत तीनदां एकमेकांच्या उरावर बसले होते. तेव्हां प्रेमाचें भरतें येऊन हा करार झाला असें कोणी समजूं नये. त्यांत एक कलम असें होतें कीं, मालाची तीव्र टंचाई पडल्यास वांटणी कोणीं व कशी करावी, हें कोणा एका राष्ट्रानें नव्हे तर सर्वांनीं मिळून नेमलेल्या मंडळानें पाहावें. १९५७ च्या रोमच्या करारानें तर परस्परांकडील आयातीप्रमाणें निर्यातीवरील बंधनेंही निषिद्ध ठरविलीं. तेथें सर्व आलबेल आहे असें नाहीं. १९५९ सालीं कोळशाचे ढीग सांचले तेव्हां त्याच मंडळाची योजना राष्ट्रांनीं झिडकारली होती. पण ४ मार्च २०२० रोजीं महामारीच्या भीतीनें जर्मनीनें मुखपट्ट्या वगैरे साहित्य शेजाऱ्यांस देण्याचें बंद केलें, आणि तो हुकूम पंधरा दिवसांत मागें घ्यावा लागला. जर्मन लोक पंधरा दिवसांत साधु झाले नव्हते. जाब विचारणारें कोणी तरी होतें, इतकेंच.

असें विचारणारें दक्षिण आशियांत कोणी नाहीं, आणि आमची मागणी तेवढीच आहे. सौदा ठरून वाटेस लागलेला माल कोणत्याही हुकुमानें अडूं नये. निर्यात-कर बसवावयाचाच तर तो पेरणीपूर्वीं जाहीर व्हावा, चाळ उघडल्यावर नव्हे. टंचाईच्या वर्षीं बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका यांचा वांटा त्यांच्या आदल्या तीन वर्षांच्या खरेदीच्या प्रमाणांत आधींच लिहून ठेवलेला असावा. उलट त्यांनींही आपल्या हंगामांत परवाने रोखूं नयेत. तंटा पडल्यास निवाडा कोणत्याही एका राजधानीच्या हातीं नसावा. एवढ्यासाठीं पाकिस्तानची संमति लागत नाहीं, शिखर-परिषद लागत नाहीं, कीं समाईक नाणेंही लागत नाहीं. लागतें तें इतकेंच कीं, कांदा महागल्याबरोबर वर्तमानपत्रांस संतापाचीं पत्रें लिहिणाऱ्या आमच्या वर्गानें तीन महिने थोडें कमी चमचमीत जेवावें. आणि आमचा स्वतःचा स्वयंपाकही, घरांतील मंडळींची थोडी कुरकुर सोसून, त्या हिशेबांत धरण्यास आम्ही तयार आहों.