भावविक्षुब्ध मुले आणि दिवसभराची सोबत

मनोविकारांवरील उपचारांचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत एक चित्र हमखास आढळते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाच्या अंगणात डॉक्टर फिलिप पीनेल उभे आहेत आणि त्यांच्या देखत एका तरुण स्त्रीच्या अंगावरील साखळ्या सोडविल्या जात आहेत. रोबेर-फ्ल्यूरी या चित्रकाराने ते १८७६ साली रंगविले. म्हणजे प्रत्यक्ष घटनेला तेव्हा पाऊणशे वर्षे होऊन गेली होती. चित्र भव्य आहे, पीनेल यांची थोरवीही निःसंशय आहे. परंतु साखळ्या प्रथम निघाल्या त्या दुसऱ्या ठिकाणी आणि दुसऱ्याच माणसाच्या हातून.

तो माणूस म्हणजे झाँ-बातिस्त प्युसँ. हा डॉक्टर नव्हता. कातडी कमावण्याचा व्यवसाय करणारा हा गृहस्थ गंडमाळेचा रोगी म्हणून पॅरिसजवळील बिसेत्रच्या रुग्णालयात आला, बरा झाल्यावर तेथेच नोकरीस राहिला आणि पुढे मनोरुग्ण पुरुषांच्या विभागाचा अधीक्षक झाला. १७९७ साली त्याने त्या विभागातील लोखंडी साखळ्या काढून टाकल्या. पीनेल त्यापूर्वीच बिसेत्र सोडून साल्पेत्रिएरला गेले होते. साखळ्यांच्या जागी, गरज पडेल तेव्हा हात जखडणारा जाड कापडाचा अंगरखा आला, हेही सांगितले पाहिजे. पीनेल यांनी आपल्या ग्रंथात प्युसँचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. विसर पडला तो पुढच्या पिढ्यांना.

या विषयावरील लिखाण मराठीत आणताना माझे मत उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे की, हा विसर आकस्मिक नाही. उपचारांचा इतिहास आपण डॉक्टरांच्या नावांनी लिहितो. परंतु रोगी सुधारतो तो पुष्कळदा दिवसभर त्याच्याजवळ असणाऱ्या माणसामुळे. मुलांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

१८०० साली फ्रान्सच्या आव्हेरोँ प्रांतातील रानात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हते, तो कपडे अंगावर ठेवीत नसे, माणसांना चावे. हा मुलगा जन्मतःच मतिमंद असून शिकविण्यासारखा नाही, असा अभिप्राय खुद्द पीनेल यांनी दिला. इतार या तरुण डॉक्टराने तो मानला नाही आणि सुमारे पाच वर्षे त्या मुलाला शिकविण्याचा खटाटोप केला. इतारांचे साहित्य आणि त्यांच्या पद्धती पुढे सेगँ यांच्यामार्फत माँटेसरीबाईंपर्यंत पोहोचल्या, आणि तेथून आपल्याकडील बालमंदिरांत आल्या. इतारांचे नाव त्यामुळे राहिले. पण व्हिक्तोर (हे त्या मुलाला मिळालेले नाव) रात्रंदिवस ज्या बाईंच्या घरी वाढला, त्या मादाम गेरँ कोणाच्या लक्षात आहेत?

इतारांच्या दुसऱ्या अहवालात एक प्रसंग आहे. जेवणाची ताटे मांडणे हे व्हिक्तोरचे रोजचे काम. मादाम गेरँचे पती आजारी पडून दूर गेले, तरी तो त्यांचे ताट मांडीतच राही. पुढे ते वारले. त्या दिवशीही त्याने नेहमीप्रमाणे ताट मांडले आणि बाईंना रडू आवरेना. आपल्या कृतीने हे घडले, हे त्या मुक्या मुलाने ओळखले. त्याने ताट उचलून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. व्हिक्तोर बोलावयास शिकला नाही, म्हणून इतारांनी अखेर प्रयोग सोडला. बाईंनी मुलाला सोडले नाही. १८२८ साली मरण येईपर्यंत तो त्यांच्याचपाशी होता. या प्रयोगाला निष्फळ म्हणणाऱ्यांनी ताटाचा तो प्रसंग वाचावा.

१८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे लाइटनर विटमर यांनी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. त्याचा पहिला रुग्ण, शुद्धलेखन मुळीच न जमणारा एक मुलगा, विटमरांकडे आणला तो मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने. पुढे १९१८ साली ऑस्ट्रियात, महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत, आउगुस्ट आइखहॉर्न यांनी ओबरहोलाब्रुन येथील निर्वासितांच्या जुन्या बराकींत वाट चुकलेल्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. आइखहॉर्न मूळचे शाळामास्तर. सर्वांत आक्रमक अशा बारा मुलांचा त्यांनी वेगळा गट केला आणि सहकाऱ्यांना सांगितले की, मार द्यावयाचा नाही, शिक्षा करावयाची नाही. मुलांनी खिडक्या, दारे, सामान यांची मोडतोड केली, गावकरी संतापले. विरोध करावयास कोणीच मिळेना, तेव्हा त्या रागाचे हळूहळू रडण्यात आणि मग जवळिकीत रूपांतर झाले. आपल्या शाळांतून हे जसेच्या तसे करावे, असे मी म्हणणार नाही. तावदानांचा खर्च तरी कोण देईल? परंतु मूल दुखावलेले असल्यामुळे दांडगाई करते, ही दृष्टी आपण तेथून घेऊ शकतो.

आपली भाषा येथे आड येते. हूड, वांड, द्वाड, तिरसट, घुमा ही विशेषणे मराठीत मुबलक आहेत, आणि ती सारी मुलाच्या स्वभावाला दोष देतात. म्हणून मी ‘भावविक्षुब्ध’ हा बोजड शब्द पत्करतो. पाणी स्वभावतः गढूळ नसते, कशाने तरी ढवळले जाते, एवढा अर्थ त्यात आहे. द्वाड मुलाकडे निदान लक्ष जाते. घुम्या मुलाला आपण शहाणे बाळ म्हणून मागच्या बाकावर विसरतो.

या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग मला निकोलस हॉब्ज यांचा वाटतो. अमेरिकेतील टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९६१ साली त्यांनी तो आरंभिला. आठ-आठ मुलांचे गट, प्रत्येक गटाला मुलांबरोबर दिवस-रात्र राहणारे दोन शिक्षक-मार्गदर्शक, आणि मनोविकारतज्ज्ञ केवळ सल्ल्यापुरते. मुले शनिवार-रविवारी घरी जात आणि काही महिन्यांतच आपल्या मूळ शाळेत परतत. त्याच काळात शिकागोत ब्रूनो बेटेलहाइम स्वमग्न मुलांच्या आजाराचे खापर आयांच्या थंडपणावर फोडीत होते. ते मत पुढे सपशेल खोटे ठरले. हॉब्ज यांनी आईबापांना आरोपी न करता सोबती केले. मुलाला ‘बरे करणे’ हे त्यांचे ध्येय नव्हते; मूल, घर, शाळा आणि शेजार यांचे एकमेकांशी पुन्हा जमावे, इतकेच त्यांना हवे होते. त्यासाठी घर आणि जुनी शाळा यांच्याकडे खेपा घालणारा एक स्वतंत्र संपर्क-शिक्षक त्यांनी नेमला.

तीव्र मनोविकारांत डॉक्टर आणि औषधे यांना पर्याय नाही, हे स्पष्ट सांगतो. आणि साखळ्या ही केवळ अठराव्या शतकातील गोष्ट नाही, हेही. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेले मनोरुग्ण जागच्या जागी होरपळले. २८ जण मरण पावले. २०१७ च्या कायद्याने माणसाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मार देणे आणि प्राथमिक शिक्षण पुरे होण्याआधी मुलाला काढून टाकणे, दोन्ही निषिद्ध ठरविली. कायदे चांगले आहेत. परंतु काय करू नये, एवढेच त्यांतून कळते. दंगा करणाऱ्या मुलाला वर्गात ठेवून घेतल्यावर शिक्षकाने करावयाचे काय?

तोच कायदा प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवितो, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांसाठी त्याला वर्गाबाहेर नेण्याची मुभाही ठेवतो. हॉब्ज यांचे आठांना दोन हे प्रमाण आपल्याला परवडणारे नाही, हे मी जाणतो. संपर्क-शिक्षक मात्र परवडेल. दहा-बारा शाळांमागे एक, निम्मा वेळ वर्गांत आणि निम्मा वेळ घरोघर. कोणते मूल कधीपासून गप्प झाले, कोणाच्या घरी काय बिघडले, याची नोंद त्याने ठेवावी, वर्गशिक्षकाशी बोलावे आणि आवश्यक तेथेच डॉक्टरांकडे न्यावे. या कामासाठी प्रौढ, अनुभवी शिक्षक निवडावेत आणि निवडणुकीच्या कामातून त्यांना लेखी सूट द्यावी.